शॉकअप गेलेत, पण चालतंय!

नगर-मनमाड रस्त्यावर कुठल्याही गावाच्या तोंडाशी, चहाच्या टपरीवर, संध्याकाळी अर्धा तास बसावे आणि समोरच्या गतिरोधकावरून जाणाऱ्या गाड्या बघाव्यात. नव्या गाड्या चढतात, उतरतात आणि पुढे निघून जातात. मग एखादी वीस-बावीस वर्षांची, जमिनीला टेकायला आलेली, जाड सायलेन्सरची, एम. एच. १६ पाटीची गाडी येते. ती चढते, उतरते आणि डोलायला लागते. एकदा, दोनदा, तीनदा. चौथी डुलकी पार पुढच्या पंक्चरच्या दुकानाशी संपते. आत बसलेला तरुण गाण्याचा आवाज वाढवतो, म्हणजे खालची खडखड ऐकू येत नाही.

हीच गाडी महिन्याभराने केडगावच्या किंवा नेप्ती नाक्याच्या एखाद्या गॅरेजात उभी असते. मिस्त्री पुढच्या चाकामागे बॅटरी मारतो. स्ट्रटच्या नळकांड्यावर तेल ओघळलेले, त्यावर धुळीचा थर बसलेला. तो म्हणतो, "भाऊ, शॉकअप गेलेत." उत्तर ठरलेले असते. "माहितीये हो. पण चालतंय अजून. या वेळी ऑइल, प्लग आणि त्या नव्या अलॉयचं बघू."

गाडी चालते, हे खरेच. ती थांबते का, हा प्रश्न निराळा आणि तो कुणी विचारत नाही. शॉकअप म्हणजे आरामाची वस्तू, कंबर दुखायला लागली की बदलायची, ही समजूत आपल्याकडे इतकी घट्ट बसली आहे की गाडीचा मालक, विकत घेणारा, विमावाला आणि नोंदणीचे नूतनीकरण करणारे सरकार यांच्यापैकी एकालाही तो ब्रेकचा भाग वाटत नाही. आहे मात्र तो ब्रेकचाच भाग, आणि जुन्या वेगवान गाडीत तर दुप्पट.

आता 'जुनी स्पोर्ट्स कार' म्हटले की नगरकर हसतील. इथे कोणाकडे आहे? तर व्याख्या थोडी सैल करावी लागेल. खऱ्या अर्थाने दोन आसनांची, उघड्या टपाची भारतीय गाडी शेजारी गोव्यात बनत होती. सॅन स्टॉर्म तिचे नाव. अंग फायबरचे, इंजिन रेनॉचे १.२ लिटरचे, ताकद साठ अश्वशक्तीच्या आसपास. थोड्याच बनल्या आणि पुढे ते उत्पादनच थांबले. दुसरे टोक सचिन तेंडुलकरच्या लाल फेरारीचे. २००२ साली ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केल्याबद्दल फियाटतर्फे मायकेल शूमाकरने त्याला सिल्व्हरस्टोनला ३६० मोडेना दिली. ती भारतात आणताना आयात शुल्क माफ करावे की नाही यावर देशभर वाद झाला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि शेवटी शुल्क कंपनीने भरले. मुंबईच्या पावसाळी खड्ड्यांत त्या गाडीच्या शॉकअपचे काय होणार, हा खरा मराठी प्रश्न त्या वादात कुणी उपस्थित केल्याचे आठवत नाही.

या दोन टोकांच्या मध्ये सर्वसामान्य पोरांची स्पोर्ट्स कार होती ती फियाट पालिओ १.६. २००१ मध्ये आली, कुर्ल्याच्या कारखान्यात बनली, जाहिरातीत पुन्हा सचिनच, आणि चिमुकल्या अंगात १०० अश्वशक्ती. शुद्धतावादी तिला स्पोर्ट्स कार म्हणणार नाहीत. पण सुपा ओलांडून पुण्याच्या दिशेने जी पोरे तिच्यातून सुसाट गेली, त्यांना ही चर्चा मान्य होणार नाही. फियाटचा पुढचा कारखानाही याच नगर-पुणे रस्त्यावर, रांजणगावला, टाटांच्या भागीदारीत उभा राहिला. आज त्या पालिओ, आणि मोठ्या शहरांतून तिसऱ्या-चौथ्या हाताने इकडे आलेल्या परदेशी दोनदारी गाड्या, जिल्ह्यात अधूनमधून दिसतात. त्यांचे इंजिन मालकाला तोंडपाठ असते. चाकामागचे काही विचारू नका.

तिथे असतो स्ट्रट. गाडीचे वजन पेलते ती स्प्रिंग. पण स्प्रिंगला थांबणे माहीत नाही. दाबली की उसळते, उसळली की पुन्हा दबते. तिला आवरायचे काम तिच्या पोटातल्या नळकांड्याचे, म्हणजे शॉकअपचे. आत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक झडपा. चाक वर-खाली झाले की तेलाला त्या अरुंद वाटेने जावे लागते आणि उसळीची सगळी ऊर्जा उष्णतेत मुरते. खराब रस्त्यावरून लांबचा पल्ला मारून आल्यावर शॉकअपच्या नळकांड्याला जपून हात लावावा, तो चांगलाच तापलेला असतो. थंड लागला तर समजावे की आतले तेल काम करत नाही.

ही नळी आणि स्प्रिंग एकत्र बांधून, तिच्याच आधाराने चाक उभे करायचे, ही कल्पना अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याची. १९४०च्या दशकाच्या मध्यावर तो शेव्हर्लेसाठी एक स्वस्त छोटी गाडी आखत होता. १९४७ मध्ये ती योजना बासनात गेली, मॅकफर्सन फोर्डकडे गेला आणि १९५०च्या सुमारास आलेल्या इंग्लंडच्या फोर्ड कॉन्सलमधून त्याचा स्ट्रट जगापुढे आला. भाग कमी, वजन कमी, जागा कमी. भारतात तो घरोघरी पोहोचवला मारुती ८०० ने, डिसेंबर १९८३ पासून. त्याआधीच्या फियाट-ॲम्बेसेडरमध्ये शॉकअप गेला तर गाडी नुसती डोलायची, कारण चाक धरून ठेवणारे हात वेगळे होते. स्ट्रटमध्ये मात्र शॉकअप हाच चाकाचा खांब. त्याचा दांडा सैल पडला की चाकाचा कोनच हलतो, आणि वळणावर स्टिअरिंग हातात असूनही गाडी दुसरीकडेच जायला बघते. स्वस्ताईसाठी शोधलेली ही रचना पुढे पोर्शे आणि बीएमडब्ल्यूच्या नामांकित वेगवान गाड्यांतही बसली. पोर्शे ९११ मध्ये तर १९८९ पर्यंत गुंडाळीची स्प्रिंग नव्हतीच. पुढे स्ट्रट, आणि वजन पेलायला पीळ बसणारी पोलादी कांब, म्हणजे टॉर्शन बार.

टॉर्शन बार कसा असतो हे समजून घ्यायला नगरकरांना जर्मनीला जावे लागत नाही. फराहबागेजवळच्या रणगाडा संग्रहालयात जावे. फेब्रुवारी १९९४ मध्ये उघडलेल्या या संग्रहालयात पन्नासाच्या आसपास रणगाडे आणि चिलखती गाड्या उभ्या आहेत. रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टच्या सांगाड्यावर चढवलेली चिलखती मोटारही तिथेच आहे. १९६५च्या युद्धातून आलेल्या पॅटन रणगाड्याची चाके त्याच पिळाच्या कांबेवर तरंगतात. ९११ एक टनाच्या आसपासची, पॅटन चाळीस टनांच्या पुढचा, युक्ती तीच. शेजारच्या सेंच्युरियनची तऱ्हा निराळी. त्याची चाके जोडीजोडीने आडव्या स्प्रिंगांवर टांगलेली आहेत. पोरांचा फोटो तोफेपाशी काढून झाला की दोन मिनिटे खाली वाकून चाकांकडे बघावे. इतकी निरनिराळी सस्पेन्शन एका आवारात शिकवणारी जागा महाराष्ट्रात दुसरी क्वचितच असेल.

वेगवान मोटार आणि रणगाडा यांचे नाते तसे जुनेच. वॉल्टर क्रिस्टी नावाचा अमेरिकी गृहस्थ १९०७च्या फ्रेंच ग्राँ प्रीमध्ये स्वतः बनवलेली पुढच्या चाकांवर चालणारी मोटार घेऊन उतरला होता. पुढे त्याने रणगाड्यांसाठी लांब झोके घेणारी स्प्रिंगची रचना केली. अमेरिकी लष्कराने त्याला फारसे विचारले नाही, पण सोव्हिएत टी-३४ त्याच्याच सस्पेन्शनवर धावला. कारण साधे होते. चाक जमिनीला धरून राहिले तरच वेग कामाचा, मग वर तोफ असो वा लाल रंगाची मोटार.

आणि नगरचे मोठेपण इथेच संपत नाही. संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था, 'व्हीआरडीई', फाळणीच्या सुमारास चकलाल्याहून नगरला आली ती इथेच रुजली. लष्करी वाहनांना झोडपून काढणारे चाचणीमार्ग तिच्या आवारात आहेत. देशात नवी मोटार विक्रीला आणण्याआधी तिचा नमुना सरकारमान्य संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ मध्ये अशा संस्थांची जी यादी आहे, तिच्यात पुण्याच्या 'एआरएआय'च्याही आधी नगरच्या या संस्थेचे नाव येते. म्हणजे नवी गाडी रस्त्यावर यायच्या लायकीची आहे का, हे सांगण्याचा अधिकार या शहरात आहे. तीच गाडी वीस वर्षांनी रस्त्यावर राहायच्या लायकीची उरली आहे का, हे मात्र याच शहरात मिस्त्रीच्या बॅटरीवर आणि मालकाच्या 'चालतंय'वर ठरते.

जुन्या स्पोर्ट्स कारचा सगळ्यात मोठा फसवणारा अवयव म्हणजे तिचे मीटर. "फक्त पस्तीस हजार चाललीय, संडेलाच काढतात" असे सांगत दलाल अशी गाडी विकतो, आणि घेणारा खूश होतो. पण रबराला किलोमीटर कळत नाहीत, वर्षे कळतात. शेडमध्ये वर्षानुवर्षे उभ्या गाडीत स्ट्रटच्या तोंडाचे सील वाळते. वरच्या माउंटिंगचे रबर कडक होऊन तडकते. दांडा त्याच एका जागी थांबलेला, तिथे दमटपणाने बारीक गंज खातो. मग एके रविवारी गाडी बाहेर निघते आणि तो खरबरीत दांडा नाजूक सील कानशीसारखे घासत वर-खाली होतो. रोज शिर्डीचे भाडे मारणाऱ्या गाडीपेक्षा ही लाडावलेली गाडी आतून अधिक म्हातारी असू शकते.

गेलेला स्ट्रट ओळखायचा कसा? बोनेटचा कोपरा दाबून सोडायची जुनी परीक्षा सगळ्यांना माहीत आहे. गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक, झुलत राहिली तर गेला. पण स्पोर्ट्स कारच्या कडक स्प्रिंगा हाताने दबतच नाहीत, त्यामुळे मेलेला शॉकअपही या परीक्षेत पास होतो. त्यापेक्षा टायरवरून तळहात फिरवावा. रबरावर ठरावीक अंतराने खवले उठलेले लागले तर चाक रस्त्यावर नाचत आले आहे. ब्रेक मारताना नाक खाली जाणे, पूल संपतो त्या सांध्यावर गाडी आडवी सरकणे, ओघळलेले तेल, या उरलेल्या खुणा. खडखडीचा मात्र भरवसा धरू नये. ती निम्म्या वेळा लिंक रॉडची किंवा वरच्या माउंटिंगची असते. आवाज येतो म्हणून शॉकअप बदलणारे आणि नवे घालूनही आवाज जात नाही म्हणून मिस्त्रीशी भांडणारे लोक प्रत्येक गॅरेजने पाहिलेले असतात.

बदलण्याचे काम दिसायला सोपे, आणि इथेच लोक चुकतात. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करायचे, जॅकने उचलून घोडी लावायची, निव्वळ जॅकच्या भरवशावर खाली हात घालायचा नाही. ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर स्ट्रटवरून सोडवायची. खाली स्ट्रटला चाकाच्या नकलशी जोडणारे दोन जाड बोल्ट काढण्याआधी त्यांच्या जागेवर खडूने खूण करायची, कारण बऱ्याच गाड्यांत चाकाचा कलता कोन त्या बोल्टांवरच ठरतो. मग बोनेटखालचे तीन नट. मधल्या चौथ्या नटाला या वेळी हातही लावायचा नाही.

तो मधला नट म्हणजे दाबून ठेवलेल्या स्प्रिंगचे टाळे. स्पोर्ट्स गाडीची एक मध्यम कडक स्प्रिंग घ्या, एक मिलिमीटर दाबायला २५ न्यूटन लागणारी. ती १५ सेंटिमीटर दाबली की तिच्यात जवळपास २८० ज्यूल ऊर्जा साठते. अठ्ठावीस किलोचा धोंडा एक मीटरवरून पडावा इतकी, आणि तीही मिस्त्रीच्या तोंडासमोर. म्हणून स्प्रिंग कंप्रेसर लागतो, त्याचे दोन्ही आकडे समोरासमोर आणि सारखे आवळावे लागतात, आणि चेहरा स्प्रिंगच्या रेषेतून बाजूला ठेवावा लागतो. तारेने स्प्रिंग बांधून 'उस्तादी' करणारे कारागीर अजूनही भेटतात. त्यांच्या हाताच्या कौशल्याला दाद द्यावी आणि गाडी दुसरीकडे न्यावी.

नव्या स्ट्रटबरोबर वरचे माउंटिंग आणि त्यातली बेअरिंग, दांड्यावरचा बंप स्टॉपर, धूळ अडवणारे कव्हर, हे सगळे नवे घालायचे. जोडीने घालायचे. एकीकडे नवा आणि दुसरीकडे जुना ठेवला तर जोरात ब्रेक मारल्यावर गाडी कोणत्या बाजूला जाईल, ते रस्ताच ठरवेल. खालच्या आर्मचे बुश गाडी पुन्हा स्वतःच्या चाकांवर उभी राहिल्यावरच शेवटचे आवळायचे. हवेत लटकत असताना आवळले तर रबर पीळ घेऊनच बसते आणि सहा महिन्यांत फाटते. आणि अलाइनमेंट. ते 'नंतर बघू' म्हणून सोडले तर नव्या स्ट्रटचे पैसे टायरच्या आतल्या कडेतून वसूल होतात.

सुटे भाग न मिळणे ही जुन्या गाडीवाल्याची खरी अडचण, तिची चेष्टा करण्यात अर्थ नाही. कुर्ल्याचा तो कारखाना गेला, गोव्याची ती गाडी गेली. शॉकअप बनवण्याची विद्या मात्र महाराष्ट्राच्या अंगणातली आहे. गॅब्रिएल इंडिया १९६१ मध्ये मुंबईत मुलुंडला सुरू झाली. आज चाकण आणि नाशिकला तिचे कारखाने आहेत. या नावामागची गंमत अशी की क्लीव्हलंडच्या ज्या मूळ कंपनीवरून ते आले, ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारीचे सुरेल भोंगे बनवत होती, देवदूत गॅब्रिएलच्या तुतारीवरून नाव घेऊन. शॉकअप तिने नंतर हाती घेतला. म्हणजे गाडीचा आवाज आधी आणि ताबा नंतर, ही आवड काही फक्त आपल्या पोरांची नाही.

भाग मिळत नाही म्हटल्यावर जुगाड सुरू होतो. जुन्या नळकांड्याला भोक पाडून, हाती लागेल ते तेल भरून, वरून वेल्ड मारून 'रिपेअर' केलेला शॉकअप मिळतो. तो आठवडाभर कडक वाटतो. आत किती जाड तेल हवे आणि नायट्रोजन वायू किती दाबाने भरलेला होता याचा हिशेब त्यात कुठेच नसतो. दुसरा जुगाड म्हणजे स्प्रिंगच्या दोन वेढ्यांमध्ये अडकवायचे रबरी बफर. गाडी बोटभर वर येते, गतिरोधकाला पोट घासत नाही आणि मालक सुखावतो. प्रत्यक्षात स्प्रिंग आणखी कडक होते, तिची उसळी वाढते, आणि तिला आवरणारा शॉकअप आधीच मेलेला असतो. तिसरे शूर लोक उलट दिशेने जातात. गाडी 'बसवायला' स्प्रिंगचा एक वेढा ग्राइंडरने कापतात. मग दांड्याला खाली जायला जागाच उरत नाही आणि प्रत्येक खड्ड्यात बंप स्टॉपरवर ठोका पडतो. या तिन्ही उपायांवर होणाऱ्या खर्चाच्या बेरजेत एक चांगली जोडी बऱ्याचदा येते. सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटीही २८ टक्क्यांवरून १८ वर आला आहे.

यावर नगरी माणसाचे उत्तर तयार असते. "आधी रस्ते नीट करा, मग शॉकअपचं सांगा." त्याच्या रागाला कारण आहे. राहुरी, कोल्हार, बाभळेश्वर, कोपरगाव या पट्ट्यातल्या खड्ड्यांवर वर्षानुवर्षे आंदोलने झाली, भाविकांच्या गाड्या आपटत शिर्डीला पोहोचल्या. गळीत हंगामात उसाच्या जोडट्रॉल्या रस्ता दाबून काढतात आणि पावसाळा उरलेले काम करतो. गतिरोधकांची तर वेगळीच कहाणी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येचा गोलाकार उंचवटा आहे, ताशी २५ किलोमीटरने सहज ओलांडता येईल असा. आपल्याकडे शाळेसमोर पोराला गाडीने उडवले की त्याच रात्री उरलेल्या डांबराचा ढीग रस्त्यात आडवा पडतो, हातभर रुंद आणि वीतभर उंच. गावाचा संताप समजण्याजोगा आहे, त्यांना दुसरे काही हातात दिलेच नव्हते. पण तो ढीग वेगवान गाडीला थांबवतो आणि तिचे स्ट्रटही फोडतो. मग तीच गाडी पुढच्या गावात थांबायला जास्त अंतर घेते.

रस्ता वाईट आहे म्हणून शॉकअपचे लाड कशाला, हा युक्तिवाद त्यामुळे उलटा पडतो. मोटारीचे चाक आपल्या टायर-स्प्रिंगवर सेकंदाला दहा ते पंधरा वेळा नाचू शकते. ताशी ८० च्या वेगाने गाडी सेकंदाला बावीस मीटर कापते. शॉकअप मेला असेल तर साधारण दर दोन मीटरला चाक एकदा रस्त्यावर आपटते आणि एकदा हलके होते. हलक्या झालेल्या चाकाला ब्रेक लावला तर ते जागच्या जागी थांबते, गाडी थांबत नाही. प्रत्येक टायरचा रस्त्याला टेकणारा भाग जेमतेम तळहाताएवढा. ताकद साठ अश्वशक्तीची असो की चारशेची, ती शेवटी त्या चार तळहातांतून जाते. गुळगुळीत महामार्गावर हे कदाचित खपून जाईल. नगर-मनमाडला नाही.

सरकारही याच चुकीत सामील आहे. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५च्या अधिसूचनेने २० वर्षांवरच्या मोटारीला १०,००० आणि आयात केलेल्या चारचाकीला तब्बल ८०,००० रुपये लावले. शिवाय महाराष्ट्राचा पर्यावरण कर. गाडी ५० वर्षांची झाली की मात्र २०२१च्या नियमांनुसार ती 'विंटेज' ठरते, तिला खास पाटी मिळते आणि तिचे कौतुक सुरू होते. म्हणजे २००२ची पालिओ आज भंगार समजायची, २०५२ साली वारसा समजायची, आणि मधली सगळी वर्षे दंड भरत काढायची. या सगळ्या हिशेबात गाडीचे वय मोजले आहे, तब्येत नाही. नवे स्ट्रट, नवे बुश, नवे ब्रेक घालून गाडी टकाटक ठेवणारा आणि दर गतिरोधकावर चार डुलक्या घेणारा, दोघांनी सारखेच पैसे भरायचे.

तब्येत मोजणे अवघड असते तर गोष्ट वेगळी. युरोपातल्या शॉकअप उत्पादकांच्या संघटनेने १९७०च्या दशकातच एक साधी पद्धत आखून दिली. चाक एका लोखंडी पाटावर उभे करायचे. पाट सहा मिलिमीटरच्या झोक्याने सेकंदाला २५ वेळा थरथरतो आणि हळूहळू थांबतो. या काळात चाकाचा पाटावरचा भार सर्वात कमी किती झाला, हे स्थिर भाराच्या टक्क्यांत मोजायचे. साठच्या वर आले तर उत्तम, चाळिसाच्या खाली काळजी, विसाच्या खाली गाडी बाजूला. एका चाकाला मिनिटभरही लागत नाही, स्प्रिंगला हात लावावा लागत नाही, आणि कडक स्प्रिंगची स्पोर्ट्स कारही फसवू शकत नाही. पंधरा वर्षांवरच्या प्रत्येक खासगी गाडीला नूतनीकरणाच्या वेळी हा पाट ओलांडायला लावावा. चारही चाकांचे आकडे नोंदणीच्या कागदावर छापावेत. पास होणाऱ्याला शुल्कात घसघशीत सूट द्यावी आणि नापास होणाऱ्याला महिन्याची मुदत. सुरुवात नगरलाच करता येईल. रणगाडे झोडपून बघणाऱ्या शहरात एम. एच. १६ आणि एम. एच. १७ च्या मोटारी थरथरवून बघणे जड जायला नको. जुनी गाडी विकत घेणाऱ्याला तो छापील आकडा मिळाला तर दलालाच्या 'फक्त पस्तीस हजार'ला पहिल्यांदाच खरे उत्तर मिळेल.

तोवर हिशेब गॅरेजातच. संध्याकाळी काम आटोपते, अलाइनमेंटचा छापील कागद सीटवर ठेवला जातो. मिस्त्री जुने दोन्ही स्ट्रट कागदात गुंडाळून डिकीत ठेवायला लागतो, तेवढ्यात मालक म्हणतो, "एवढे काही वाईट नसतील हो." मिस्त्री काही बोलत नाही. नव्या जोडीचा एक दांडा त्याने बसवण्याआधी याच मालकाला दाबून दाखवलेला असतो. दोन्ही हातांनी जोर लावावा लागला होता, आणि सोडताच दांडा सावकाश, हट्टाने पुन्हा वर आला होता. आता तो जुना स्ट्रट फरशीवर उभा करतो आणि मालकाला खुणावतो. मालक अंगठा टेकवतो. दांडा सुळकन खाली जातो, आत कुठेतरी बुडबुडा फुटल्यासारखा आवाज येतो. दोघे थोडा वेळ बघत राहतात. दांडा वर येत नाही.